आले काय?

माझ्या टेबलावरच्या संगणकाला मे महिन्यात धाप लागली. वर्ध्याच्या मे महिन्यात धाप कोणाला लागत नाही? म्हणून मी आधी दुर्लक्ष केलं. पण जेवणाच्या सुट्टीत, कोणी बोटही लावलेलं नसताना त्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरू लागला, तेव्हा मला राग आला. बँकेत काम न करता थकण्याचा हक्क फक्त आम्हा कारकुनांचा!

मी पडलो बी.कॉम. मला नाडी कळते ती ताळेबंदाची. शेवटी भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मामा, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. 'सीपीयू' लिहिलंय तिथं टिचकी मारा. सगळ्यात वर कोण आहे?"

वर एक किरकोळ प्रोग्रॅम होता. पासबुक छापायचा हुकूम आला की प्रिंटरकडे पोचवायचा, एवढंच त्याचं काम. आणि खात होता २५ टक्के!

"पंचवीसच ना?" मी म्हणालो.

"मामा, तुमच्या प्रोसेसरला चार कोअर. २५ टक्के म्हणजे चारांतला एक गडी पूर्ण जुंपलेला."

"पण करतोय काय?"

"विचारतोय. काम आलं का? नाही. आलं का? नाही. सेकंदाला हजारो वेळा, मधे दम न घेता. याला पोलिंग म्हणतात. खरं तर त्यानं झोपावं आणि काम आलं की सिस्टिमनं त्याला उठवावं."

झोपणं हेच कर्तव्य असलेली नोकरी मला कधी मिळाली नाही, ते असो. पण मुद्दा पटला. आमच्या सेवाग्रामात व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी गांधीजींसाठी टेलिफोन बसवला होता. बापू काही दर मिनिटाला रिसीव्हर उचलून "दिल्लीहून काही?" असं विचारत नसणार. घंटी वाजेपर्यंत सूत कातता येतं!

वरच्या कार्यालयाला कळवलं, प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली, पंखा निवला. मी विद्वान झालो. आणि त्याच विद्वत्तेच्या भरात, रोज खिडकीशी येऊन "बाबू, निराधारचे पैसे आले काय?" विचारणाऱ्या म्हाताऱ्या बाबाजींना गाठलं.

"बाबाजी, रोज कशाला उन्हात येता? आले की मी फोन करीन."

ते शांतपणे म्हणाले, "मागंही तुम्ही असंच म्हणाले होते बाबू. दोन महिने मी फोनची वाट पाह्यली."

पंख्याखाली बसून मला घाम फुटला. म्हणजे घंटी वाजत नाही म्हणून माणूस विचारत राहतो, आणि इथली घंटी मी होतो! प्रोग्रॅमचा दोष मी भाच्याकडून शोधून घेतला. माझा सांगायला बाबाजींना उन्हात यावं लागलं.

त्यांचा नंबर टेबलाच्या काचेखाली ठेवला. पैसे जमा झाले त्या दिवशी आठवणीनं फोन केला. छाती दोन इंच फुगली.

दुसऱ्या दिवशी अकराला बाबाजी खिडकीशी हजर.

"अहो, काल फोन केला ना मी?"

"हो ना," ते म्हणाले. "तो तुमचाच होता काय, तेच विचारायले आलो."