जिथं गाड्या मुद्दाम आपटतात

बालमित्रांनो, आजची सहल नकाशावरून करायची. तिकीट नको, डबा नको. युरोपचा नकाशा उघडा आणि वरच्या बाजूला स्वीडन शोधा. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर, येता नदी समुद्राला मिळते तिथं, गोथेनबर्ग नावाचं मोठं बंदर आहे. तिथले लोक मात्र त्याला ‘यॉतेबॉर्य’ म्हणतात. दोन-तीनदा म्हणून बघा, जीभ कशी अडखळते ते! नदीपलीकडे हिसिंगेन बेट आणि त्याच्या पश्चिमेकडे तोर्सलांडा. इथं १९६४ पासून व्होल्वो कंपनीचा मोटारींचा कारखाना आहे. कारखान्यात गाड्या जोडतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण याच परिसरात २००० सालापासून गाड्या फोडायचीही जागा आहे!

आत शिरलं की दोन लांबच लांब धावपट्ट्या. एक १५४ मीटरची, जागची न हलणारी. दुसरी १०८ मीटरची, आणि ती चक्क घड्याळाच्या काट्यासारखी फिरवता येते. त्यामुळं दोन गाड्या समोरासमोर, तिरप्या किंवा कुशीत, हव्या तशा धडकवता येतात. भिंतीवर आपटायचं असेल तर ८५० टनांचा एक ठोकळा हवेच्या गादीवर तरंगवत आणून उभा करतात. गाडीत माणूस नसतो, डमी असते. हे काही शेतातलं बुजगावणं नव्हे बरं! तिच्या डोक्यात, छातीत, मानेत मोजमापाची यंत्रं असतात. शिवाय तोंडाला रंग फासलेला असतो, म्हणजे नाक नेमकं कुठं आपटलं ते नंतर डागावरून कळतं.

समजा, गाडी ताशी ५० किलोमीटर वेगानं आली. म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. तुमच्या शाळेचे दोन वर्ग एका सेकंदात पार! आणि धडक? ती सेकंदाच्या साधारण दहाव्या भागात आटोपते. ‘आई गं’ म्हणायला तोंड उघडेपर्यंत पट्टा आवळलेला असतो, हवेची पिशवी फुगलेली असते आणि पत्र्याच्या घड्याही पडून झालेल्या असतात.

पण एकदा फोडलेली गाडी काही पुन्हा फोडता येत नाही. पत्रा थोडा जाड केला तर काय होईल, हे बघायला दरवेळी नवी गाडी कुठून आणायची? म्हणून आधी कॉम्प्युटरमधली गाडी आपटतात, तीही कितीतरी वेळा. कशी, ते सांगते. ठिपक्यांची रांगोळी आठवा. तसंच सगळ्या गाडीवर ठिपक्यांचं जाळं टाकायचं आणि तिचे बारीक बारीक तुकडे पाडायचे. प्रत्येक तुकडा किती जाड, किती कडक, त्याचे शेजारी कोण, ते कॉम्प्युटरला सांगायचं. मग तो काळ जवळजवळ थांबवतो. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात कोणत्या ठिपक्यावर किती जोर आला, तो किती सरकला, त्यानं शेजाऱ्याला किती ढकललं, याचा हिशेब मांडतो. मग पुढचा क्षण, पुन्हा हिशेब. एक धडक म्हणजे असे लाखभर हिशेब. १९८० च्या दशकाच्या मध्यावर पश्चिम जर्मनीत फोक्सवॅगन पोलोच्या पुढच्या भागाचे सुमारे साडेपाच हजार तुकडे पाडून असं गणित केलं होतं, तेव्हा ते रात्रभरात उरकलं याचंच केवढं कौतुक झालं. आज तुकडे लाखांनी पाडतात.

“मग बाई, खरी गाडी फोडायचीच कशाला?” वर्गात असं कुणीतरी विचारणारच. अहो, कॉम्प्युटरचीही परीक्षा नको का घ्यायला? खऱ्या पत्र्याची घडी त्याच्या चित्रापेक्षा वेगळी पडली, की कुठली माहिती चुकीची दिली होती ते शोधत बसायचं.

सगळ्यात हट्टी विद्यार्थी म्हणजे टायर. एवढी मोठी गाडी रस्त्याला टेकलेली असते ती जेमतेम चार तळहातांएवढ्या जागेवर. वळताना रबर ताणलं जातं, पकड वाढत जाते, आणि एका मर्यादेनंतर ते सटकतं. रबर, आतले धागे, तारा आणि हवा या सगळ्यांतून हे वागणं गणितानं काढणं महाकठीण. १९८० च्या दशकात व्होल्वोच्या मंडळींनी नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठाच्या हान्स पासेइका यांच्याबरोबर वेगळी वाट धरली. टायर यंत्रावर फिरवून मापं घ्यायची आणि त्या वक्ररेषेला चपखल बसेल असं सूत्र शोधायचं. ते सापडलं. ते इतकं छान का बसतं हे रबराच्या नियमांतून सांगता येईना, म्हणून त्याचं नाव पडलं ‘जादूचं सूत्र’. मला हे नाव फार आवडतं. मोठी माणसं असं सरळ कबूल करतात कुठं?

स्वीडनमध्ये याची गरजही तशीच. तिथल्या रस्त्यावर अचानक मूस हे उंच, लांब पायांचं हरीण येतं. चालक झटकन डावीकडं, लगेच उजवीकडं वळतो. तेव्हा सगळी भिस्त त्या चार तळहातांवर. १९९७ मध्ये अशाच चाचणीत एक नवीकोरी गाडी उलटली आणि कंपनीला तिच्यात सुधारणा करावी लागली.

आता पालकांनीही ऐकावं. गावाला निघताना धाकट्याला पुढच्या सीटवर मांडीत घेतात ना? १० किलोचं बाळ, धडकेत त्याचा भार तीसपट झाला, तर किती? ३०० किलो! तीन क्विंटल कुठल्या आईच्या हातांना पेलतील? अंतराळवीर प्रचंड जोर पाठीवर झेलतात, हे पाहून बेर्तिल आल्डमन या स्वीडिश डॉक्टरांनी १९६० च्या दशकात बाळांसाठी मागे तोंड करून बसायची खुर्ची सुचवली.

आणखी एक गोष्ट. कॉम्प्युटरला आपण सांगू तेवढंच ठाऊक. वर्षानुवर्षं त्याला सांगितलेला माणूस म्हणजे १७५ सेंटिमीटर उंचीचा, ७८ किलोचा पुरुष. बायकांसाठी होती ती छोटीशी डमी. मागून धडक बसली की बायकांच्या मानेला इजा जास्त होते, हे माहीत असूनही! लिंशॉपिंग या स्वीडिश गावातल्या संस्थेत अस्ट्रिड लिंडर यांच्या गटानं २०२२ मध्ये सरासरी बाईची डमी पुढं आणली. उंची १६२ सेंटिमीटर, वजन ६२ किलो.

गोथेनबर्गमध्ये मात्र त्याआधीच, २००२ च्या सुमारास, ‘लिंडा’ आली होती. तिला हात लावता येत नाही, कारण ती फक्त कॉम्प्युटरमध्ये आहे. लिंडाच्या पोटात बाळ आहे. पट्टा पोटावरून गेला तर बाळावर किती ताण येतो, आणि पोटाच्या खालून, मांड्यांवरून गेला तर किती, हे तिच्यावर बघता येतं. पट्टा खालूनच घ्यायचा असतो.