यवतेश्वरच्या घाटात, भर पावसात

सातारा हे चढाचे गाव आहे. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी शाहू महाराजांनी वसवलेल्या या शहरातून पश्चिमेकडे निघणारा रस्ता समर्थ मंदिर मागे टाकतो, यवतेश्वरचा घाट चढतो आणि पुढे कासच्या पठारावर जातो. फुलांच्या दिवसांत आपल्यापैकी बहुतेकांनी हा रस्ता गाडीच्या काचेतून पाहिलेला असतो. याच रस्त्यावर २०१२ पासून पावसाळ्याच्या उत्तरार्धात सातारा हिल हाफ मॅरेथॉन भरते. त्याच वर्षी पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर कासचाही समावेश जागतिक वारसा यादीत झाला. अंतर २१ किलोमीटर. साधारण निम्मे चढायचे आणि त्याच वाटेने उतरायचे.

पुण्याच्या भुसार बाजारातील आम्ही चौघे आदल्या संध्याकाळी, सूर्यास्ताआधी जेवण उरकण्याच्या बेताने, साताऱ्यास पोहोचलो. पर्युषण नुकतेच संपले होते. एकाची अठाई झाली असल्याने तो धावणार नव्हता. उकळून गार केलेल्या पाण्याचा स्टीलचा डबा सांभाळणे एवढेच काम त्याने स्वतःकडे घेतले होते. धावणाऱ्या तिघांत वयाने मोठे असलेल्या भाईंना चातुर्मासाची नवकारसी होती. सूर्योदयानंतर ४८ मिनिटे तोंडात पाण्याचा थेंब नाही. शर्यत साडेसहाच्या सुमारास सुटायची, म्हणजे त्यांचे पहिले पाणी घाटातच येणार हे उघड होते.

सुटताना भुरभुर होती. समर्थ मंदिराशी पावसाने जोर धरला. घाटाच्या पहिल्याच वळणावर धुके इतके दाट झाले की खालचे शहर दिसेना, आणि पुढच्या धावकाची फक्त पाठ दिसे. डोंगराकडच्या गटारातून लाल पाणी रस्त्यावर येत होते. भाई तोंड घट्ट मिटून नाकाने श्वास घेत होते. चेहऱ्यावरून पाऊस ओघळत होता, कमरेच्या पट्ट्यातली बाटली भरलेली होती, आणि पाण्याच्या टेबलावरचे स्वयंसेवक आग्रहाने पेला पुढे करीत होते. भाई हात जोडून पुढे जात.

सात वाजून दहा मिनिटांनी ते कठड्याशी थांबले. मूठ वाळून तीन नवकार म्हटले आणि दोन घोट प्याले. आम्हीही थांबलो. मागून येणाऱ्या एका तरुणाने, काही दुखते आहे का, असे काळजीने विचारले. त्याला काय सांगावे हे आम्हास चटकन सुचले नाही.

त्या घाटात माझे लक्ष मात्र वारंवार खाली जाई. ओल्या डांबरावर गांडुळे होती, गोगलगायी होत्या. चातुर्मासात आपले साधू-साध्वी विहार थांबवून एका ठिकाणी राहतात ते याच जीवांसाठी. 'मग तुम्ही कशाला पळता?' असे निघताना आईने विचारले होते. पाय जपून टाकत होतो, एवढेच उत्तर माझ्यापाशी होते, आणि ते पुरेसे आहे असे मला आजही वाटत नाही.

चढावर गेलेली मिनिटे उतारावर व्याजासकट वसूल होतील, असा आमच्या तिसऱ्या मित्राचा हिशेब होता. पावसाने तो मान्य केला नाही. उतारावर वळणांवरचा रस्ता निसरडा झाला होता, आणि शेवटचे सहा किलोमीटर उरले असताना भाईंच्या पोटरीत गोळा आला. त्यांनी आम्हास पुढे जाण्यास सांगितले. तिसरा मित्र अडीच तासांत पोहोचण्यासाठी सहा महिने पहाटे उठला होता. त्याने मनगटावरचे घड्याळ पाहिले, मग ते बाहीखाली सरकवले आणि भाईंचा हात आपल्या खांद्यावर घेतला. चालत, मधूनच धावत आम्ही समर्थ मंदिराशी आलो. तिथे छत्रीखाली डबा घेऊन आमचा अठाईवाला उभा होता. पाणी त्याने कोमट करून आणले होते. ते कुठे केले, हे त्याने सांगितले नाही.

आम्ही तिघे तीन तासांच्या किंचित आत पोहोचलो.