खारा वारा आणि कडप्पा

चेन्नईत अड्यारला कस्तुरबा नगरातलं आमचं भाड्याचं घर सत्तरच्या दशकातलं. स्वयंपाकघरात कडप्प्याचा बुटका ओटा, भिंतीत त्याच दगडाच्या उघड्या फळ्या, पिवळट पडलेल्या टाइल्स आणि वर काँक्रीटचा माळा. घरमालकीण मामी वरच्या मजल्यावर राहतात. ‘काय हवं ते करा, पण कडप्पा काढायचा? वेण्डाम मा, नको गं!’ एवढी एकच अट त्यांनी घातली.

अट शहाणपणाची होती. इलियट्स बीच इथून दोनेक किलोमीटरवर, म्हणजे खारा वारा घरातच. पार्टिकल बोर्डाची कपाटं इथे ओल धरून फुगतात, बिजागऱ्या गंजतात आणि दार एका कोपऱ्यात लोंबायला लागतं. नवी मांडणी करायचीच तर आयएस ७१० शिक्क्याचं मरीन प्लाय घ्यावं. दगडाला मात्र खाऱ्या वाऱ्याची पर्वा नाही. तेव्हा आहे तेच स्वयंपाकघर स्वतःच्या हाताने नीट करायचं ठरवलं.

कडप्पा काळा दिसला तरी जातीचा चुनखडक. चिंच, लिंबू, ताक सांडलं की आम्ल त्याला खातं. तमिळ स्वयंपाकघरात चिंच रोजच भिजते, त्यामुळे ओट्यावर वाट्यांचे पांढुरके गोल डाग उमटलेले. ते साबणाने जात नाहीत, कारण तो मळ नसतोच; तिथला दगडच झिजलेला असतो. वॉटर पेपर आणला. आधी १२० नंबरचा, मग २२०, ४०० आणि शेवटी ६००. दगडावर पाणी ओतत गोल गोल घासायचं. करडा चिखल कोपरापर्यंत ओघळतो, तो पुसून बघायचं, पुन्हा घासायचं. नंबर गाळून घाई केली तर आधीच्या कागदाचे ओरखडे तेल लावल्यावर हटकून दिसतात. दगड पूर्ण वाळल्यावर जवसाच्या तेलाचा पातळ हात फिरवला आणि तो असा काळाभोर झाला की मामींनी चष्मा लावून पाहिला.

टाइल्स बदलल्या नाहीत. घर जुनं दिसत होतं ते टाइल्समुळे नव्हे, त्यांच्या मधल्या काळ्या दरजांमुळे. जुना ग्राउट खरवडून काढायचं काम कंटाळवाणं, त्यावर फार लिहीत नाही. नव्या इपॉक्सी ग्राउटचे दोन भाग असतात; ते एकत्र केले की घड्याळ सुरू. चेन्नईच्या उकाड्यात मिश्रण डब्यावर लिहिलेल्या वेळेच्या आधीच घट्ट होतं. म्हणून भल्या पहाटे, एका वेळी वाटीभरच कालवायचं आणि टाइलवरचा राप ओल्या स्पंजाने लगोलग पुसायचा.

भांड्यांच्या दांड्या आणि आकडे घ्यायला पॅरीज कॉर्नरच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. एका दुकानदाराने चुंबक लावून दाखवला: ‘चिकटत नाही बघा अक्का, अस्सल माल!’ पण चुंबक २०२ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीललाही चिकटत नाही आणि ३०४ लाही. फरक आतल्या धातूंत. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल. २०२ मध्ये निकेल कमी, आणि खाऱ्या हवेत त्यावर लवकर तांबूस ठिपके येतात. ३०४ असं बिलावर लिहून देणाऱ्याकडूनच घेतलं. दांड्यांसाठी टाइलला भोक पाडताना चिकटपट्टी लावली, म्हणजे ड्रिल घसरत नाही. टाइल पार होईपर्यंत हॅमर बंद ठेवला.

माळ्याला रंग द्यायचा राहिलाय. तिथे मामींच्या कोलूच्या बाहुल्यांच्या पेट्या आहेत. त्या नवरात्रात मांडायला खाली येतात आणि नवरात्र संपून माळा रिकामा मिळेपर्यंत इथला पाऊस तोंडावर आलेला असतो, तो थेट डिसेंबरापर्यंत. दमट हवेत रंग वाळत नाही. बाहुल्या उन्हाळ्यात हलवू म्हटलं, तर मामी म्हणाल्या, ‘वेण्डाम मा!’