जर-तरची चाल

इतिहासात जर-तरला अर्थ नसतो, असं आपण मोठ्या समजूतदारपणे म्हणतो. अमेरिकन नर्तक ट्रजाल हॅरेलनं एका जर-तरवरच २००९ पासून नृत्यांची अख्खी मालिका रचली. १९६३ साली हार्लेमच्या बॉलमधलं, म्हणजे कृष्णवर्णीय क्विअर मंडळींच्या नटण्या-नाचण्याच्या स्पर्धांमधलं, कुणी खाली ग्रीनिच व्हिलेजच्या जडसन चर्चमध्ये येऊन तिथल्या नव्या नर्तकांसोबत नाचलं असतं तर?

जडसनमध्ये तेव्हा नृत्याची झाडलोट चालली होती. भपका नको, नाट्य नको, प्रेक्षकाला भुलवणं नको. चालणं, बसणं, वाकणं हेच नृत्य. हार्लेमात पिसं, झगमगाट, नखरा. तिथलं व्होगिंग, म्हणजे फॅशन मॉडेलसारख्या पोझ घेत नाचणं, खरं तर नंतरचं, सत्तर-ऐंशीच्या दशकांतलं; म्हणजे हॅरेलचा व्होगिंग करणारा पाहुणा १९६३ मध्ये जरा लवकरच पोचतो. चालायचंच.

पण चालतात दोन्हीकडे. बॉलमध्ये ‘रिअलनेस’ची स्पर्धा असते : ऑफिसातला साहेब किंवा शाळकरी पोरगा असं हुबेहूब चालायचं, की रस्त्यावर कुणाला शंकाही येऊ नये. जडसनच्या बहुतेक गोऱ्या मंडळींना ‘मी नुसता चालतोय’ असं म्हणता येत होतं. कृष्णवर्णीय, क्विअर मुलाला ते नुसतं चालणं रोज बसवावं लागतं. खांदे, मनगटं, नजर, सगळं. माझ्या मते तालमीला जास्त कडक हार्लेमवालेच.

हॅरेल यातलं काहीच जसंच्या तसं उभं करत नाही. कपड्यांना असतात तसे त्याच्या प्रयोगांना आकार आहेत, एक्स्ट्रा स्मॉलपासून एक्स्ट्रा लार्जपर्यंत. स्मॉलमध्ये तो एकटाच कपडे बदलतो, चालतो, पुन्हा बदलतो. लार्जमध्ये थेट अँटिगनी ही ग्रीक शोकांतिका. ग्रीक रंगभूमीवर बायकांची कामं पुरुषच करायचे, हे त्याला बरोबर सापडलं.

पुढे तो जपानच्या बुतो या नृत्यप्रकाराकडे वळला. बुतोचा थोर नर्तक काझुओ ओनोनं १९२९ मध्ये तोक्योत ला अर्हेंतिना या स्पॅनिश शैलीच्या नर्तकीला पाहिलं होतं. १९७७ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, तो बाईचा झगा घालून तिच्यासाठी नाचला. ती जाऊन तोवर चाळीस वर्षं झाली होती. २०१५ मध्ये हॅरेल ओनोच्या त्या आठवणीवर नाचला. गंडाबंधन वगैरे काही झालेलं नव्हतं. नाचला मात्र घरच्या वारसासारखा, हक्कानं.