आमची मासळी आणि चरकाचार्य

मराठी माणसाला 'प्रकृती कशी आहे?' असे विचारले, तर तो 'बरी आहे' म्हणतो, नाहीतर 'जरा नरम आहे' म्हणतो. 'कफाची आहे' असे उत्तर मला तरी अजून कोणी दिलेले नाही. जुन्या पत्रांच्या शेवटी 'प्रकृतीस जपावे' असे लिहीत, तिथेही प्रकृती म्हणजे तब्येतच. आयुर्वेदात मात्र हा शब्द निराळा आहे. माणूस जन्माला येतानाच शरीराची आणि मनाची जी घडण घेऊन येतो ती त्याची प्रकृती. ती सहसा बदलत नाही. आज जे बिघडले आहे, ज्याच्यासाठी आपण वैद्याकडे जातो, ती विकृती. हा फरक मला समजून घ्यावा लागला तो आमच्या आयमुळे, आणि त्यासाठी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात अभ्यासक्रमाबाहेरची बरीच पाने उलटावी लागली.

आमचे गाव दिवाळे. बेलापूरच्या सी.बी.डी.तल्या उंच कचेऱ्या आणि आमचा कोळीवाडा यांच्यामध्ये एक महामार्ग आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि पुढे आजूबाजूची शेते गेली. खाडी तेवढी राहिली. बाबा होडीवर जातात, आय गावच्या बाजारात मासळी विकते. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे विजेच्या बिलापासून औषधाच्या चिठ्ठीपर्यंत घरात येणारा प्रत्येक कागद आधी माझ्या हातात पडतो.

गेल्या वर्षी गावात एक आरोग्य शिबिर झाले. शिबिर कोणाचे होते ते सांगण्याचे येथे कारण नाही. तिथे बायकांना प्रश्न विचारून एक कागद भरून घेतला : झोप कशी, केस कसे, राग येतो का, चालणे सावकाश की भरभर. शेवटी बेरीज करून आयच्या कागदावर शिक्का मारला : 'कफ'. पाठीमागे छापील तक्ता होता. हितकर : जव, मूग, मध, कारले, पडवळ, सुंठ. वर्ज्य : मासे, भात, नारळ, दही, मीठ, आंबट.

"बाय, तू कालेजान जातंस, याव काय लिवलंय ता मना वाचून दाखव," आय म्हणाली. मी वाचले. वर्ज्यची ओळ संपली तेव्हा ती काहीच बोलली नाही. भात, मासळी, नारळ आणि कोकम एवढ्यावर ज्या घराच्या चार पिढ्या गेल्या, त्या घराची चूल त्या एका ओळीत विझत होती.

आय हट्टी आहे. तिने मासळी सोडली. सतरा दिवस सोडली. पहाटे बंदरावर जाऊन मासळी घ्यायची, दुपारपर्यंत ती साफ करून गिऱ्हाइकांना द्यायची, कुठली कशी करावी हे त्यांना सांगायचे आणि घरी येऊन मुगाचे कढण प्यायचे. "दिसभर मासलीचे पाटीपाशी बसाचा आनि घरा येऊन मुगाचा पानी पियाचा," एवढेच ती एकदा म्हणाली. आजी मात्र रोज भांडायची. "माजे चार बालंतपनांत कोनी कागूद दिलता? मोरीचे कालवनाव पोरा वारवली." अठराव्या दिवशी बाजारात आयला घेरी आली आणि शेजारच्या मावशींनी तिला धरून घरी आणले.

खरे तर आयुर्वेदाच्या गोष्टी आमच्याकडे नव्या नाहीत. चिंबोरी उष्ण, म्हणून उन्हाळ्यात जपून. मुडदुशी हलकी, म्हणून आजाऱ्याला आणि लहान मुलांना. मोरी बाळंतिणीला, दूध यावे म्हणून. 'मला ते बाधते', 'त्याला ते मानवते' हे तर उभ्या महाराष्ट्रात बोलतात. मग ज्या शास्त्राची भाषा आमच्या चुलीपाशी रोज बोलली जाते, तेच शास्त्र आम्हाला 'तुमचे सगळेच वर्ज्य' असे कसे म्हणेल? हा प्रश्न घेऊन मी आमच्या संस्कृतच्या सरांकडे गेले. सरांनी ग्रंथालयातून मराठी भाषांतरासह चरकसंहिता काढून दिली आणि म्हणाले, "तक्ता बाजूला ठेव. मूळ काय म्हणते ते बघ."

ज्यांना या विषयाची ओळख नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. वात रूक्ष, हलका, थंड आणि चंचल. पित्त उष्ण, तीक्ष्ण, किंचित स्निग्ध. कफ जड, थंड, स्निग्ध आणि मंद. प्रत्येकात तिन्ही असतात, कमीअधिक. ज्या गुणाचे अन्न खावे तो गुण शरीरात वाढतो आणि उलट गुणाच्या अन्नाने तो घटतो, हा मुख्य सिद्धांत. म्हणून कोरडे, शिळे, थंड खाणाऱ्याचा वात वाढतो, तिखट आणि आंबट फार खाणाऱ्याचे पित्त, आणि गोड, खारट, तेलातुपाचे खाऊन दुपारी झोपणाऱ्याचा कफ. या हिशेबाने मासळी जड, स्निग्ध, वात कमी करणारी आणि कफपित्त वाढवणारी ठरते. म्हणजे शिबिराचा कागद काही खोटा नव्हता. पण तो हिशेबाच्या पहिल्याच ओळीवर थांबला होता.

चरकाच्या विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात आहाराचा विचार आठ अंगांनी करावा असे सांगितले आहे. पदार्थाचा मूळ स्वभाव हे त्यातले फक्त पहिले अंग. मग त्यावर केलेला संस्कार, कशाबरोबर खाल्ले तो संयोग, किती खाल्ले ती राशी, कुठल्या देशात, कुठल्या काळात, जेवणाचे नियम पाळून की न पाळता, आणि शेवटी खाणारा स्वतः. या आठव्या अंगात एक सुंदर शब्द येतो : ओकसात्म्य. सवयीने जे अंगाला मानवू लागले ते. मला तो शब्द वाचून उगाच आनंद झाला, कारण 'मानवणे' हा आमचा शब्द नेमका त्याच जागेवर बसतो.

चिकित्सास्थानाच्या तिसाव्या अध्यायात तर कुठल्या मुलखाच्या लोकांना काय सात्म्य आहे याची यादीच आहे. सिंधच्या लोकांना दूध, अश्मक आणि अवंतीच्या लोकांना तेल आणि आंबट (अश्मक म्हणजे गोदावरीकाठचा मुलूख, तेव्हा आपल्या मराठवाड्यातल्या मैत्रिणींनी ध्यानात घ्यावे), आणि पूर्वेकडच्या लोकांना मासे. कोकणच्या कोळ्यांचे नाव तिथे नाही. पण मासे सात्म्य असणारी माणसे असतात आणि त्यांना औषध देताना ते ध्यानात घ्यावे लागते, हे दोन हजार वर्षांच्या आसपास जुन्या ग्रंथाने मान्य केले आहे. मी ते आजीला वाचून दाखवले. आजीने पदर सावरला आणि आयकडे पाहून नुसते 'हं' केले.

परंतु ग्रंथ आपल्या बाजूचे तेवढेच वाचायचे नसतात. सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात, ज्या पदार्थांची रोजची सवय लावू नये त्यांत मासे आहेत. सुकवलेले मांसही आहे. गंमत अशी की त्याच यादीत दही आणि उडीदही आहेत; पण दहीभात आणि उडदाची डाळ खाणाऱ्यांना कोणी शिबिरात बोलावून घाबरवल्याचे ऐकिवात नाही. उलट रोज खावे अशा यादीत तांदूळ, मूग, आवळा, दूध, तूप यांच्याबरोबर जांगल म्हणजे कोरड्या प्रदेशातल्या प्राण्यांचे मांसही आहे. आयुर्वेद म्हणजे शाकाहार असे समजणाऱ्यांनी ते पान पाहावे.

मिठाबद्दल चरक फारच कडक आहे. पिंपळी, क्षार आणि मीठ या तीन गोष्टी फार वापरू नयेत, असे तो बजावतो आणि मीठ अति खाणाऱ्या काही मुलखांची नावेच घेतो. ते लोक म्हणे दुधातसुद्धा मीठ घालून घेत. इथे मात्र आमच्या घराला खाली पाहावे लागते. सुकट, जवळा, खारवलेले बोंबील यांशिवाय आमचा पावसाळा जात नाही आणि आयला रक्तदाबाची गोळी चालू आहे. मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. खारवलेल्या मासळीचे दोनचार तुकडे त्यातला किती वाटा उचलतील ते सांगायला नको. मात्र सवय सोडायची तर एकदम नव्हे, पायरीपायरीने सोडावी, हेही चरकच सांगतो. सतरा दिवसांचा कडक उपास त्याच्या रीतीत बसत नाही.

पुढे सरांच्या ओळखीच्या एका वैद्यांकडे मी आयला घेऊन गेले. त्यांनी तक्ता पाहिला आणि उलटा करून टेबलावर ठेवला. मग विचारू लागले : भूक कधी लागते? रात्री किती वाजता जेवता? मासळी तळता की कालवण करता? कोकम किती? पाटी डोक्यावर किती वेळ असते? आयने त्यांना मांदेलीच्या आंबटाची सबंध कृती सांगितली, तीही अशी की त्यांनी लिहून घेतली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. दिवसभर राबणाऱ्या बाईला बसून काम करणाऱ्याचे पथ्य लावू नये. ताजी मासळी खावी. तळणे कमी, कालवण अधिक, त्यात आले, लसूण, मिरी आणि आमसूल असू द्यावे. हाच तो 'संस्कार'. रात्री उशिरा भरपेट नको. खारे अर्ध्यावर आणावे, पुढे अजून कमी करावे. आणि रक्तदाबाची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणी सांगितले तरी बंद करायची नाही. हे शेवटचे त्यांनी दोनदा सांगितले.

संयोगाबद्दल एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. माशांवर दूध पिऊ नये हे आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. कोड उठते म्हणतात. त्वचेचे डॉक्टर ते मान्य करीत नाहीत, तो भाग निराळा. पण चरकाच्या सूत्रस्थानात यावर ऋषींचा चक्क वाद आहे. आत्रेय म्हणतात, मासे दुधाबरोबर खाऊ नयेत. भद्रकाप्य म्हणतात, एक चिलिचिम नावाचा मासा सोडून बाकी सगळे चालतील. आत्रेय पुन्हा म्हणतात, नाही, कुठलाच नको, आणि चिलिचिम तर मुळीच नको. ऋषींची सभा भरली आहे आणि कुठला मासा कशाबरोबर खावा यावर मतभेद चालला आहे, हे वाचताना मला क्षणभर आमच्या बाजारातल्या दुपारचीच आठवण झाली.

आणि काळ! वाग्भटाच्या अष्टांगहृदयात ऋतुचर्या आहे. (देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री, ज्याचे नाव आपण हेमाडपंती देवळांमुळे ऐकतो, त्याने या ग्रंथावर 'आयुर्वेदरसायन' ही टीका लिहिली, हे मला सरांनी सांगितले.) वाग्भट म्हणतो, पावसाळ्यात अग्नी मंद होतो आणि वात खवळतो. ज्या दिवशी आभाळ फारच भरलेले असेल त्या दिवशी जेवण स्पष्ट आंबट, खारट, स्निग्ध, कोरडे, मधयुक्त आणि हलके असावे. आता १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, खाडीवर धुवाधार पाऊस, आणि घरात तांदळाची भाकरी, आमसुलाच्या आंबटात शिजलेली थोडी सुकट, वर तेलाची धार. मध तेवढा नसतो. वाग्भटाला आमच्याकडे आषाढात जेवायला बसवले असते तर त्याने फार नावे ठेवली नसती, असे मला वाटते. मीठ कमी असते तर चरकानेही.

विज्ञान शाखेचे माझे मित्र विचारतात, वात, पित्त, कफ कुठल्या तपासणीत दिसतात? दिसत नाहीत, हे खरे आहे. पुण्याचे डॉ. भूषण पटवर्धन आणि त्यांचे सहकारी यांनी २००५ साली प्रकृती आणि एचएलए नावाची जनुके यांचा काही संबंध आहे का, याचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. मित्रांना तेवढ्याने समाधान नाही, आणि असूही नये. मला मात्र त्या आठ प्रश्नांचे मोल जनुकांवर अवलंबून वाटत नाही. काय खाता याच्याबरोबर कुठे, केव्हा, किती, कसे आणि कोण, एवढे विचारणारा माणूस समोरच्या बाईकडे निदान नीट पाहतो तरी.

यातले 'कुठे' मात्र मला अजून सतावते. विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात सबंध मुलूखच आजारी पडतो तेव्हाचे वर्णन आहे. तिथे व्यक्तीची प्रकृती बाजूला राहते. वारा, पाणी, जमीन आणि काळ बिघडलेले असतात. बिघडलेल्या पाण्याची लक्षणे दिली आहेत : वास, रंग, चव, स्पर्श बदलतो, पाणपक्षी निघून जातात, पाण्यातले जीव रोडावतात. आमच्या खाडीवरचे पक्षी गेलेले नाहीत. उलट रोहित पक्षी थव्यांनी येतात. ठाणे खाडीला त्यांच्यासाठी २०१५ साली अभयारण्य जाहीर झाले आणि २०२२ साली रामसर स्थळाचा मानही मिळाला. पण मासळी? एका संध्याकाळी बाबा जाळे विणत बसले होते तेव्हा मी तो उतारा त्यांना मराठीत सांगितला. त्यांनी सुई थांबवली.

"पान्यानले जीव कमी होतान, ता परत सांग," ते म्हणाले.

मी परत सांगितले. मग ते त्यांच्या लहानपणी कुठल्या खडकापाशी काय लागायचे, निवट्या कुठे हाताने धरायच्या, कालवे कुठून आणायची, हे एकेक बोटावर मोजत सांगू लागले. मी वहीत उतरवून घेत गेले. दोन्ही हातांची बोटे संपली तरी यादी संपली नव्हती, आणि ओहोटीची वेळ झाली म्हणून ते उठले.