सुई ओली की सुकी?

पुण्यातल्या आमच्या सोसायटीत मी कचऱ्याची मॉनिटर आहे. म्हणजे मला कुणी नेमलेलं वगैरे नाही, पण कुणाच्या ओल्या डब्यात दुधाची पिशवी दिसली की माझा मेसेज गेलाच म्हणून समजा. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा, बॅटऱ्या वेगळ्या ठेवायच्या... सगळं पाठ! ऑफिसात तर मी यावर प्रेझेंटेशनसुद्धा दिलंय. (हसू नका.)

आणि हीच मी दिवाळीला हिंगोलीला माहेरी गेले आणि माती खाल्ली.

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, दिवसातून दोनदा इन्सुलिन घ्यावं लागतं. घर आवरताना टेबलाच्या खणात वापरलेल्या सुयांची पिशवी सापडली. आता सुई ओली की सुकी? सुकीच की! टाकली सुक्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी घंटागाडी आली. गाडीवरच्या मावशींनी डबा उपडा करून कचरा हाताने सारखा केला आणि "आई गं!" हातमोजा होता हातात. पण सुईला हातमोज्याचं काय?

मावशी ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "ताई, सुई कुणाची हाय?"

"अण्णांची."

"एकट्याचीच?"

मी मान हलवली. "मग बरं," म्हणाल्या. ते 'मग बरं' मला तेव्हा कळलंच नाही. त्यांना घेऊन दवाखान्यात गेले तेव्हा डॉक्टरांनी समजावलं. सुई कुणाची हे माहीत असेल तर त्या माणसाचं रक्त तपासता येतं. एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी. माहीत नसेल तर सगळा अंधारच. अण्णांनी त्याच दुपारी रक्त दिलं. रिपोर्ट येईपर्यंत घरात फराळाच्या डब्याला कुणी हात लावला नाही. रिपोर्ट चांगला आला, सुटलो. पण मावशींना टोचलेली ही तिसरी सुई होती. आधीच्या दोन कुणाच्या, ते त्यांना आजही माहीत नाही.

त्या रात्री झोप येईना, म्हणून मोबाइलवर नियम वाचत बसले. ८ एप्रिल २०१६ च्या घनकचरा नियमांनी घरातल्या कचऱ्याचे तीन भाग केले होते: ओला, सुका आणि घरगुती धोकादायक. या तिसऱ्यात रंगाचे डबे, कीटकनाशकांच्या बाटल्या, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधं आणि चक्क वापरलेल्या सुया! (हळद-सोयाबीनच्या आमच्या जिल्ह्यात फवारणीची रिकामी बाटली कुणाच्या घरी नसते?) दर वीस चौरस किलोमीटरला किंवा त्याहून छोट्या शहरातही हा कचरा जमा करायला एक केंद्र हवं, असंही त्यात होतं. राज्याचं धोरण आलं की सहा महिन्यांत प्रत्येक शहराने आपला आराखडा करायचा. २०२६ च्या नव्या नियमांनी तर तिनाचे चार भाग केले. सॅनिटरी वेगळा, 'विशेष काळजीचा' वेगळा.

मग गाडी अडते कुठे? माझं अख्खं आयुष्य एक्सेल शीटमध्ये जातं, म्हणून उगाच हिशेब मांडून पाहिला. २०११ च्या जनगणनेत हिंगोली शहराची लोकसंख्या होती सुमारे ८५ हजार. माणशी रोज तीनशे ग्रॅम धरले तर साडेपंचवीस टन कचरा. किती गाड्या, किती फेऱ्या, खताचे किती खड्डे, सगळं या टनांवरून निघतं. आणि अण्णांच्या सुया? वर्षाला ७३०. वजन? एका सुईचं एक ग्रॅमही भरत नाही. टनांच्या शीटमध्ये त्यांची बेरीज शून्यच दिसते! कारखान्यांच्या धोकादायक कचऱ्यासाठी बुटीबोरी, रांजणगाव, तळोजा इथे मोठे प्रकल्प आहेत. पण आमच्या टेबलाच्या खणापासून गाडीपर्यंतची दहा पावलं कुठल्या आराखड्यात बसवणार? ती माझीच होती. आणि मी, प्रेझेंटेशनवाली, तिथेच घसरले.

मावशींनीच उपाय सांगितला. "जाड प्लास्टिकची बाटली घ्या, झाकणाची. भरली की हातात द्या, डब्यात नको." आईने फिनाइलची रिकामी बाटली धुऊन घेतली, मी वर लाल मार्करने 'सुया' लिहिलं. अण्णांना आधी ते फारसं आवडलं नाही, आपला आजार बाटलीत भरून खिडकीत ठेवल्यासारखं वाटतं म्हणाले. मग सवय झाली. मावशींच्या रक्ताच्या पुढच्या तपासण्यांची तारीख आता आईच्या कॅलेंडरवर लिहिलेली असते, गॅस सिलिंडरच्या तारखेशेजारी.

परवा संक्रांतीला गेले तेव्हा गाडी आल्यावर मीच बाटली घेऊन बाहेर पळाले. मावशींनी ती उजेडात धरली, हलवून पाहिली आणि ड्रायव्हरच्या सीटमागे वेगळी ठेवली.

"अर्धीच भरली की," त्या म्हणाल्या. "शुगर उतरली का काय अण्णांची?"