झिजलेली कड

खांदा आखडल्यापासून लांब फेकायची हौस ओसरली. चकत्या निरखत बसायची सवय मात्र लागली. कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्हला, एड हेड्रिक यांनी 1975 साली आखलेल्या डिस्क गोल्फच्या मैदानावर, मी हल्ली फेअरवे ड्रायव्हर प्रकारच्या दोनच चकत्या नेतो. दोन्ही टीबर्ड मॉडेलच्या. उड्डाणाचे आकडेही तेच: वेग 7, तरंगणं 5, वळण 0, शेवटची कलाटणी 2.

चॅम्पियन प्लॅस्टिकची टणक, अर्धपारदर्शक. खोडांवर कितीही आपटली तरी सरळ जाते आणि वेग मंदावला की इमानाने डावीकडे झुकते. डीएक्स प्लॅस्टिकची स्वस्त, हाताला छान धरवते, पण लवकर खरवडते. तिच्या कडेवरून अंगठा फिरवला की खाचा लागतात. एका खाचेत सालीचा कण रुतून बसलाय. नवी असताना तीही डावीकडेच जायची. आता हातातून सुटताच उजवीकडे कलते. परत सरळ होईलच असं नाही.

टिकाऊपणात पहिलीच सरस. तरी उजवीकडे वळणारी वाट आली की हात आपसूक दुसरीकडे जातो. तसंच वळण हवं तर लेपर्ड नावाची नवी चकती विकत मिळते, हेही ठाऊक आहे. मग हा लोभ कसला? खांद्याशी त्याचा काही संबंध असावा, पण तो धागा मी फारसा ओढत नाही.

हेड्रिक 2002 मध्ये गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे रक्षा मिसळून चकत्या घडवल्या गेल्या. माझ्याकडे त्यातली एक असती, तर फेकली असती का मी?